नोंद कुणी दुरुस्त करायची?

शिरोळ तालुक्यात उसाची लागण झाली की शेतकरी पहिली धावपळ करतो ती कारखान्याकडे नोंद लावण्याची. गट नंबर, क्षेत्र, उसाची जात, लागणीची तारीख, आडसाली की पूर्वहंगामी, सुरू की खोडवा, एवढीच ती नोंद. पण पुढचे सगळे तिच्यावर उभे असते. तारखेवरून तोडीचा क्रम लागतो, क्षेत्रावरून टनेजचा अंदाज धरतात, जातीवरून पक्वता ठरते. पाळी आली की चिटबॉय तोडीची चिठ्ठी देतो, टोळी फडात शिरते, भरलेली ट्रॉली काट्यावर चढते आणि भरल्या वजनातून रिकामे वजन वजा होऊन निव्वळ टनेज पावतीवर उमटते. त्यावरून बिल निघते, बिलातून सोसायटीचे कर्ज वळते होते आणि उरलेली रक्कम खात्यावर पडते. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस घातल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत, नाहीतर त्यावर वर्षाला १५ टक्के व्याज द्यावे लागते. शेती विभाग, काटा, हिशेब विभाग आणि बँक यांच्यातून जाणारी ही साखळी आता सॉफ्टवेअरवर चालते. अशा साखळीच्या तोंडाशीच जुलैच्या लागणीची तारीख ऑगस्ट म्हणून पडली, तर आडसाली ऊस महिनाभर मागे जातो. उसाला तुरा येतो, वजन घटते, रान वेळेत मोकळे होत नाही. पाळी लवकर लागावी म्हणून मग ‘खुशाली’ मोजण्याची वेळ येते.

सॉफ्टवेअर बनवणारी टीम चांगली की सुमार, हे या एका चुकीच्या तारखेवरून ओळखता येते, असे मला वाटते. त्या तारखेचा प्रवास धरून पाहा. शेतकरी चिटबॉयला सांगतो. चिटबॉय गट ऑफिसात सांगतो. तिथल्या संगणकावर तारीख दिसते, पण बदलता येत नाही, म्हणून अर्ज शेती अधिकाऱ्याकडे जातो. तिथून तो संगणक विभागाकडे आणि संगणक विभागाकडून सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसात पोहोचतो. तिथे तक्रारीला क्रमांक मिळतो. ज्या मुलाने किंवा मुलीने तो स्क्रीन तयार केला, त्यांच्यापर्यंत गोष्ट जाते तेव्हा तिच्यात ना शेतकरी उरलेला असतो ना ऊस. उरते ती ‘तारीख बदलण्याची सोय हवी’ अशी एक ओळ. टीमची कामगिरी मोजताना आपण महिन्यात किती नव्या सोयी दिल्या, काम मुदतीत झाले का, मुले कोणत्या कॉलेजातली, हे विचारतो. यातले काहीच निरर्थक नाही. पण माझा मुद्दा असा की या सगळ्याआधी एकच गोष्ट पाहावी: चूक ज्याला भोगावी लागते तो आणि चूक जो दुरुस्त करू शकतो तो, या दोघांमध्ये किती माणसे आणि किती दिवस आहेत. हे अंतर ज्यांनी कमी केले त्या टीमा चालल्या. ज्यांनी ते वाढू दिले, त्यांच्याकडे पैसा आणि हुशार माणसे असूनही काम फसले. हे तपासायला कोल्हापूर जिल्ह्याबाहेर जायचीही फारशी गरज नाही.

शिरोळहून वर, पन्हाळा तालुक्यात वारणानगर आहे. तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकाराचे हे केंद्र. साखर कारखाना, दूध संघ, बझार, शाळा-कॉलेजे असा पसारा इथे एका छत्राखाली आला. १९९८ साली केंद्र सरकार, राज्य सरकार आणि वारणा समूह यांनी मिळून इथे ‘वायर्ड व्हिलेज’ हा प्रकल्प हाती घेतला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सुमारे ७० गावे, खर्च सुमारे अडीच कोटी रुपये. त्यातला निम्मा वाटा केंद्राचा, ४० टक्के राज्याचा आणि १० टक्के वारणा समूहाचा. त्या काळात खेड्यात संगणक ही अपूर्वाई होती, म्हणून प्रकल्पाचे कौतुक देशभर झाले आणि ते योग्यही होते. गावागावांतल्या केंद्रांवर शेतकऱ्याला बाजारभाव, पिकांचा सल्ला, सरकारी योजना, आरोग्याची माहिती, जगभरचे इंटरनेट मिळेल, असे स्वप्न त्यामागे होते.

काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन केंद्रातले राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंतारो तोयामा हे तिघे या केंद्रांवर प्रत्यक्ष काय चालते ते पाहायला लागले. त्यांना आढळले की संगणक वापरात आहेत, पण ठरवलेल्या कामासाठी नाहीत. शेतकरी केंद्रावर येत होता तो आपला ऊस किती गेला, खताचा परवाना झाला का, हिशेब कुठवर आला, हे विचारायला. म्हणजे सहकाराच्या रोजच्या वहीखात्याचे काम. त्यासाठी गावात संगणक, त्याची दुरुस्ती, वीज, जोडणी हा सगळा खर्च चालला होता. एखादी तंत्रज्ञानावर भाळलेली टीम इथे म्हणाली असती की शेतकऱ्यांना इंटरनेटचे प्रशिक्षण द्या. या तिघांनी उलटा विचार केला. शेतकऱ्याला दोन-तीन आकडेच हवे असतील, तर त्यांच्यासाठी संगणक कशाला? मग त्यांनी सात गावांत संगणकाच्या जागी मोबाइल आणला. एसएमएस पाठवायचा, कारखान्याकडच्या नोंदीतून उत्तर परत यायचे. अवघे आठ महिने चाललेला हा प्रयोग ‘वारणा अनवायर्ड’ या नावाने अभ्यासकांत ओळखला जातो. तो स्वस्त पडला, सोयीचा ठरला आणि शेतकऱ्यांना आवडला. केंद्र उघडे असण्याची, वीज असण्याची वाट पाहावी लागत नव्हती, हे त्यामागचे साधे कारण.

या कथेतला मोबाइल मला दुय्यम वाटतो. मोठे काम झाले ते त्याआधी, ही माणसे केंद्रावर थांबून शेतकरी काय विचारतो हे पाहत होती तेव्हा. आधीच्या प्रकल्पात बुद्धीची कमतरता नव्हती आणि पैशाचीही नव्हती. कमतरता होती ती या बातमीची, की अमुक सोय कुणी वापरत नाही. केंद्रचालकाला ती पहिल्याच वर्षी ठाऊक असणार. पण ती वर कुणाला सांगायची, सांगून कोण काय बदलणार, याची वाटच आखलेली नव्हती. उद्घाटन झालेल्या प्रकल्पाचा अहवाल चांगलाच असावा लागतो. आणि दुसरी बाजूही नोंदवायला हवी: सात गावांतला तो प्रयोग उपयोगी ठरूनही प्रकल्पाच्या सगळ्या केंद्रांपर्यंत पोहोचला नाही. टीमने खालचे ऐकले, दुरुस्तीही केली. पण तो बदल कायम करण्याचा अधिकार तिच्या हातात नव्हता. अंतर अर्धेच मिटले होते.

आता हा नियम उसापुरताच आहे की सर्वत्र लागू होतो? अमेरिकेत एमी एडमंडसन या संशोधिकेने नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या गटांचा अभ्यास केला. औषध देण्यातल्या चुका कुठे कमी होतात, हे तिला पाहायचे होते. अपेक्षा अशी की एकोपा असलेल्या, चांगल्या प्रमुखाच्या गटात चुका कमी असतील. आकडे उलटे निघाले. चांगल्या गटांत चुकांची नोंद जास्त होती. खोलात गेल्यावर कळले की तिथे चुका जास्त होत नव्हत्या, त्या सांगितल्या जात होत्या. बाकीच्या ठिकाणी भीतीपोटी झाकल्या जात होत्या. पुढे १९९९ मध्ये तिने एका उत्पादन कंपनीतल्या ५१ गटांवर हीच गोष्ट अधिक नेटकेपणाने तपासली. २०१२ पासून गूगलने आपल्या १८० टीमांचा अभ्यास केला, त्याचा निष्कर्षही तिथेच पोहोचला: टीममध्ये कोण आहे यापेक्षा ती माणसे एकमेकांशी कशी वागतात याला जास्त वजन आहे, आणि त्यातही बोलल्यावर आपली फजिती होणार नाही हा भरवसा सर्वांत आधी. शिरोळच्या गट ऑफिसात ही गोष्ट वेगळी कशी असेल? चिटबॉय हा सगळ्या यंत्रणेत कमी पगाराचा माणूस, बहुधा हंगामी. पण नोंदीत काय चुकते ते सगळ्यांत आधी त्यालाच कळते. ‘साहेब, या मशीनमध्ये बांधावरचे गट उलटे दिसतात’ असे तो म्हणाला आणि ‘तुला नीट वापरता येत नाही’ असे उत्तर मिळाले, तर पुढच्या वेळी तो गप्प राहील आणि चुकीचा गट निवडून काम उरकेल. त्या दिवसापासून पुण्यातली टीम आंधळी झाली, आणि तिला ते कळलेलेही नसेल.

हे अंतर टोकाला गेले की काय होते, याचे भीषण उदाहरण ब्रिटनमध्ये घडले. तिथल्या पोस्टाने १९९९ पासून फुजित्सू कंपनीचे ‘होरायझन’ नावाचे सॉफ्टवेअर शाखांत बसवले. त्यातल्या दोषांमुळे हिशेबात तूट दिसू लागली. शाखा चालवणारी माणसे मदतकेंद्राला फोन करून थकली, आणि अशी अडचण फक्त तुमचीच आहे असे त्यांच्यापैकी अनेकांना सांगण्यात आले. २०१५ पर्यंत ९०० हून अधिक जणांवर चोरी, अफरातफर, खोटे हिशेब असे गुन्हे शाबित झाले. कित्येक तुरुंगात गेले, कित्येकांनी पदरचे पैसे भरून तूट मिटवली. २०१९ मध्ये न्यायालयाने सॉफ्टवेअरच सदोष होते असा निकाल दिला आणि २०२४ मध्ये त्या शिक्षा रद्द करण्यासाठी संसदेला खास कायदा करावा लागला. त्या सॉफ्टवेअरमध्ये दोष आहेत हे आतल्या तंत्रज्ञांना माहीत होते. म्हणजे दोष जाणणारा आणि दोष भोगणारा दोघेही होते, मधली वाट मात्र बंद होती. आपल्याकडे काटामारीच्या तक्रारींवरून दरवर्षी आंदोलने होतात, जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत हा विषय निघतोच. तिथे कुणाचे खरे, कुणाचे खोटे हा वाद वेगळा. पण काट्याचा आकडा थेट सॉफ्टवेअरमध्ये जात असेल, तर त्या आकड्यावर शंका घेणाऱ्याला बाहेरून वजन करून आणता येईल आणि फरक निघाल्यास त्याची चौकशी कुणी, किती दिवसांत करायची हे लिहिलेले असेल, ही व्यवस्था त्या सॉफ्टवेअरचाच भाग मानली पाहिजे.

वाट उघडी ठेवल्यावर काय होते त्याचे उदाहरणही आपल्याच राज्यात आहे. १५ ऑगस्ट २०२१ रोजी ई-पीक पाहणीचे अ‍ॅप राज्यभर लागू झाले. तलाठ्याने लिहायची पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर, फोटोसह करायची. महसूल आणि कृषी खात्यांनी टाटा ट्रस्टच्या साहाय्याने हे काम उभे केले. पहिल्या हंगामात अडचणींचा पाऊस पडला: नेटवर्क नाही, गट सापडत नाही, चुकून भलतेच पीक पडले. वर्षभराने, १ ऑगस्ट २०२२ला, दुसरी आवृत्ती आली. तिच्यात केलेली नोंद ४८ तासांत एकदा दुरुस्त करण्याची सोय होती. शेताच्या मध्यबिंदूपासून दूर उभे राहून फोटो काढला तर अ‍ॅप तसे सांगू लागले. मुख्य पिकासोबत तीन दुय्यम पिके लिहिता येऊ लागली. सगळ्या नोंदी तलाठ्याने तपासण्याऐवजी १० टक्के तपासायच्या, बाकी शेतकऱ्याचे स्वयंघोषणापत्र मान्य करायचे, असे ठरले. यातली ४८ तासांची सोय तांत्रिकदृष्ट्या अगदी किरकोळ आहे. पण ती देताना टीमने मान्य केले की माणूस चुकणार आणि ती चूक सुधारायला त्याने तहसील कचेरीची पायरी चढू नये. दुरुस्तीचा अधिकार चूक भोगणाऱ्याच्याच हातात ठेवला, की अंतर शून्य होते. सॉफ्टवेअरच्या जगातला मोठा अभ्यासही याला दुजोरा देतो. निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांनी हजारो संस्थांच्या पाहणीतून २०१८ मध्ये दाखवले की जे वारंवार, थोडे-थोडे बदल करतात त्यांच्याकडेच बिघाडही कमी होतात आणि झाले तर लवकर सावरले जातात. वेग की विश्वासार्हता, असा पेच आपण उगाच मानून बसलो आहोत.

याला पहिला आक्षेप येईल तो माणसांचा. गुणी अभियंते नसतील तर नुसत्या ऐकण्याने काय होणार? जयसिंगपूरच्या मगदूम कॉलेजातून, इचलकरंजीच्या डीकेटीईतून दरवर्षी मुले बाहेर पडतात आणि हिंजवडी गाठतात. कारखान्याच्या वाट्याला येते ते काय? मला हा आक्षेप खरा वाटतो, पण अपुरा. कच्च्या अभियंत्याने लिहिलेले सॉफ्टवेअर ऐकून-ऐकून उत्तम होत नाही, हे मान्य. मात्र गुणी माणसे वाढवून अंतर मिटते असेही नाही. आयबीएमच्या एका प्रचंड प्रकल्पाचे नेतृत्व केलेल्या फ्रेड ब्रूक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवले की उशीर झालेल्या कामावर आणखी माणसे लावली की उशीर वाढतो, कारण नव्यांना शिकवण्यात आणि एकमेकांत बोलण्यातच वेळ जातो. शिवाय तालुक्यातली मुले या बाबतीत उलट फायद्यात आहेत. ‘खोडवा’ आणि ‘निडवा’ यातला फरक त्यांना समजावून सांगावा लागत नाही. आडसालीची तोड आणि सुरूची तोड एका रांगेत का लावता येत नाही, हे त्यांनी घरी पाहिलेले असते. मुंबई-पुण्यातल्या पगाराशी कारखाना बरोबरी करू शकणार नाही. पण चार अनोळखी तज्ज्ञांपेक्षा गट ऑफिसात बसू शकणारे दोन जण अशा कामात जास्त मोलाचे, असे मला ठामपणे वाटते.

दुसरा आक्षेप अधिक अवघड आहे. सगळ्यांचे ऐकायचे म्हटले तर संचालकांचा फोन आधी ऐकला जाईल. अमक्याचा ऊस आधी घ्या, तमक्याच्या नोंदीची तारीख बदला. मग दुरुस्तीची सोय म्हणजे वशिल्याची खिडकी ठरेल. हे भय खोटे नाही, आणि तारीख सहज बदलता न येण्यामागे बऱ्याच ठिकाणी तेच कारण असते. पण कुलूप लावल्याने वशिला थांबत नाही. तो मागच्या दाराने जातो आणि साध्या शेतकऱ्यालाच पुढचे दार बंद राहते. उपाय असा की दुरुस्ती सोपी ठेवावी आणि तिचा माग लपवता येऊ नये. कोणती तारीख कुणी, कधी, कशाच्या आधारे बदलली हे त्या शेतकऱ्याला आणि त्याच्या शेजाऱ्यालाही पाहता आले पाहिजे. महापुराचे वर्ष घ्या. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून ५५ फुटांची मजल गाठली, कृष्णा-पंचगंगेच्या संगमाकडची गावे पाण्याखाली गेली, हजारो एकर ऊस बुडाला. अशा साली बुडीत उसाला आधी तोड द्यायची ठरली, तर तोडीचा सगळा क्रमच नव्याने लावावा लागतो, आणि तोही गाळप सुरू व्हायच्या आत. कुणाचा ऊस किती दिवस पाण्यात होता, हे पंचनाम्यात असते, चिटबॉयला माहीत असते, शेजाऱ्याला तर असतेच. नियम बदलून तो आठवड्यात सॉफ्टवेअरमध्ये उतरवणारी टीम असेल, तर बुडीत ऊसवाल्याला न्याय मिळेल. नसेल तर तोडीचा क्रम वहीवर लागेल, आणि वहीवर कुणाचे चालते हे सांगायला नको.

तिसरा आक्षेप कंत्राटाचा आहे. सरकारी किंवा सहकारी संस्था निविदा काढते, कामाची यादी देते, कमी बोलीवाला काम घेतो. त्यात ‘ऐकत राहणे’ हा खर्च कुठे दाखवायचा? इथे मला शिरोळचेच एक काम आठवते. या तालुक्यात अतिपाण्याने हजारो एकर जमीन क्षारपड झाली होती. श्री दत्त शेतकरी सहकारी साखर कारखान्याने गणपतराव पाटील यांच्या पुढाकाराने जमिनीखाली सच्छिद्र पाइप टाकून ती सुधारण्याचे काम हाती घेतले. या कामात एकट्याने पाइप टाकून भागत नाही. पाणी शेजाऱ्याच्या रानातून मुख्य पाइपात आणि तिथून ओढ्यात जावे लागते. मधल्या एकानेही नकार दिला तर वरच्याचे पाणी तुंबते. सॉफ्टवेअरच्या टीमचेही असेच आहे. शेती विभाग, काटा, हिशेब, पुरवठादार असे प्रत्येकाने आपापल्या बांधापुरते काम केले, तर बातमी मधल्या बांधावर अडते. मेल्विन कॉनवे यांनी १९६८ मध्ये मांडले होते की एखादी संस्था जे सॉफ्टवेअर बनवते, त्याची रचना त्या संस्थेतल्या माणसांच्या बोलण्याचालण्यासारखीच निघते. कारखान्यातले विभाग एकमेकांशी अर्जाने बोलत असतील, तर सॉफ्टवेअरमध्येही अर्जच दिसतील. म्हणून कंत्राटात कामाच्या यादीइतकीच एक बाब ठळक लिहावी लागेल: गाळपाचे पहिले पंधरा दिवस पुरवठादाराचा एक जाणता माणूस गट ऑफिसात बसेल, आणि त्याला जागच्या जागी बदल करण्याचा अधिकार असेल. हा खर्च दिसतो मोठा. पण उशिरा गेलेल्या उसाचे घटलेले वजन आणि १४ दिवसांनंतरचे व्याज मांडून पाहिले, तर तो मोठा ठरत नाही.

आता उसात कृत्रिम बुद्धिमत्ता आली आहे. बारामतीच्या अ‍ॅग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने केलेल्या प्रयोगाची चर्चा राज्यभर झाली, आणि पाणी किती द्यायचे, खत केव्हा टाकायचे, हे उपग्रह आणि जमिनीतले सेन्सर सांगणार म्हणून कारखाने त्याकडे वळू लागले आहेत. त्याआधी, २०२२-२३च्या हंगामासाठी, साखर आयुक्तालयाने ‘महा-ऊस नोंदणी’ हे अ‍ॅप आणले होते, म्हणजे कारखान्याकडे नोंद राहिलेल्यालाही घरबसल्या ती लावता यावी. दिशा योग्यच आहे. पण उपग्रहाच्या चित्रावरून मिळालेला सल्ला चुकला, कृष्णाकाठच्या काळ्या, चोपण रानात ‘पाणी द्या’ असे मोबाइलने सांगितले आणि शेतकऱ्याने दिले, तर त्याचे नुकसान कुणाच्या कानावर घालायचे? मॉडेल बनवणाऱ्या टीमला शिरोळची क्षारपड जमीन बारामतीच्या जमिनीपेक्षा वेगळी वागते हे कोण सांगणार, आणि सांगितल्यावर किती दिवसांत सल्ला बदलणार? संचालक मंडळासमोर प्रात्यक्षिक दाखवायला येणाऱ्या प्रत्येक कंपनीला हे दोन प्रश्न विचारायला हवेत, आणि त्या बैठकीला चिटबॉयही हजर असायला हवा.